‘अचानक’ या शब्दाविषयी

2023 च्या मे महिन्यातील एका सकाळी आमच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीतील मोठा क्लाउनफिश तळाशी आडवा पडलेला आढळला. आदल्या संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे काचेशी येऊन खाणे घेतले होते. दूरध्वनीवरून मुलीला बातमी सांगताना आम्ही दोघांनीही एकच शब्द वापरला : ‘अचानक’. चार वर्षांपूर्वी ती जोडी तिनेच हट्टाने घरी आणली होती आणि शिक्षणासाठी परगावी जाताना आमच्यावर सोपवली होती. तिने विचारले, “अचानक म्हणजे कशाने?” वर्गात विद्यार्थ्यांना नेमका शब्द वापरण्याचा आग्रह धरणाऱ्या आम्हांला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

मग शोध सुरू झाला. प्रथम रोगाचा विचार केला. अंगावर पांढरे ठिपके नव्हते, सोनेरी धुळीसारखा थर नव्हता, कल्ले खराब दिसत नव्हते. शिवाय धाकटा मासा ठणठणीत होता. प्रवाळबेटांवर काही ठिकाणी सायनाइड फवारून मासे पकडतात आणि असे मासे पुढे काही आठवड्यांत दगावतात, हेही वाचनात आले. परंतु आमची जोडी पैदास केंद्रात जन्मलेली होती, आणि चार वर्षे जगली होती. अमोनियाच्या चाचणीत पाण्याला किंचित हिरवट छटा आली. मात्र मृत शरीरही अमोनिया सोडते. तेव्हा ही छटा मृत्यूचे कारण की परिणाम, हे ठरवता येईना.

त्यानंतर पाण्याची क्षारता मोजली. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास असावे लागते, ते 1.031 भरले. कारण लज्जास्पद होते. उन्हाळ्यात पेटीतून रोज लिटरभर पाणी उडून जाई. पाणी उडते, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आम्हा दोघांपैकी एकजण मात्र, समुद्रातल्या जिवाला समुद्राचेच पाणी हवे अशा प्रेमळ समजुतीने, मीठ कालवलेले पाणी घालत होता. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ. चाळीस दिवसांत 200 लिटरच्या पेटीत जवळजवळ 1.4 किलो मीठ वाढले. उत्तरपत्रिका तपासण्याच्या धांदलीत पाणी बदलणे राहिले आणि मोजमापही झाले नाही.

“पाणी कोण घालत होतं?” हा प्रश्न त्या दिवशी घरात मोठ्याने विचारला गेला. त्यानंतर जे बोलणे झाले ते माशाविषयी नव्हते. वीस वर्षांच्या संसारात कोणाच्या हातून काय काय बिघडले, याची यादी निघाली. शोकांतिकेतील नायकाच्या प्रमादाविषयी आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली आहेत. प्रमाद म्हणजे दुष्टपणा नव्हे, हे बजावून सांगितले आहे. घरात ते आठवले नाही.

परंतु या निष्कर्षात एक अडचण होती. क्षारता चाळीस दिवस हळूहळू वाढत गेली. मग मृत्यू त्याच रात्री का यावा? आणि धाकटा का वाचावा? त्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता आणि साडेअकरापासून पहाटे पाचपर्यंत वीज नव्हती. आम्ही झोपलो होतो. पाणी ढवळणारा पंप बंद पडला. पाणी जितके उष्ण आणि जितके खारट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. आमचे पाणी दोन्ही होते. बंदिस्त गाळणयंत्रातील जिवाणूंनी उरलासुरला प्राणवायू संपवला असावा. ते यंत्र उघडले तेव्हा स्पंजाला कुजक्या अंड्याचा वास येत होता. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू पेशींचे श्वसनच रोखतो. पाचला वीज आली, यंत्र आपोआप सुरू झाले आणि आत कोंडलेले पाणी पेटीत आले. मोठा मासा रोज रात्री यंत्राच्या नळीखालच्या कोपऱ्यातच झोपत असे. धाकटा दुसऱ्या टोकाला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे म्हणून दोष विजेवर ढकलता आला असता. पण फांदी आधी आम्हीच कमकुवत केली होती. उलट, मीठ घालणाऱ्या हाताइतकाच, चाळीस दिवस न मोजणाऱ्या आणि गाळणयंत्र वेळेवर न धुणाऱ्या हाताचाही त्यात वाटा होता. ते हात वेगळे होते. हे परस्परांना सांगायला आम्हांला आठवडा लागला. शवविच्छेदन झालेले नाही. त्यामुळे हे सारे अनुमान आहे, पण उपलब्ध सर्व खुणांचा मेळ त्यातच बसतो.

मुलीला सविस्तर पत्र लिहिले. ‘अचानक’ हा शब्द त्यातून खोडला. क्लाउनफिशच्या जोडीत मोठी ती मादी असते आणि ती गेल्यावर उरलेला नर काही काळाने स्वतः मादी होतो, हेही याच शोधात कळले होते, तेही लिहिले. ‘मासा’ या शब्दाच्या पुल्लिंगामुळे चार वर्षे आम्ही तिला ‘तो’च म्हणत आलो होतो.

आता पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ आहे. भर गोड्या पाण्याची घालतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप शेजारी ठेवला आहे. रात्री वीज गेली की दोघांपैकी जो आधी जागा होईल, तो दुसऱ्याला उठवतो.