छत्री कोणी बांधली?

विमानातून उडी मारणाऱ्याच्या धाडसाचे कौतुक सगळेच करतात. त्याच्या पाठीवरची छत्री कोणी बांधली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्हा जुन्या छत्रीधारी जवानांना हा प्रश्न आयुष्यभर पुरला आहे. अलीकडे तो आमच्या घरातच पुन्हा उभा राहिला, म्हणून या जुन्या आठवणी वाचकांसमोर ठेवत आहोत.

सत्तरच्या दशकात सातारा, सांगली आणि रत्नागिरीकडची आम्ही काही पोरे आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो. छत्रीची उडी कोणावर लादली जात नाही. ज्याने स्वतःहून नाव दिले, त्यालाच घेतात. घरी पत्र गेले तेव्हा अम्मीने उलट टपाली विचारले होते, “बाळा, जमिनीवर नोकरी मिळाली नाही का?”

या शाळेचा इतिहास आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला गेला. 1941 मध्ये दिल्लीत तिची सुरुवात झाली. पुढे ती रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे गेली आणि फाळणीनंतर आग्र्याला आली. उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीयांत रंगराज नावाचे फौजी डॉक्टर होते. याच छत्रीधारी फौजेच्या 50 पॅराशूट ब्रिगेडचे नेतृत्व करताना ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान 3 जुलै 1948 रोजी झांगर येथे शहीद झाले. आम्ही भरती झालो तेव्हा टांगाईलची उडीही ताजी होती. 11 डिसेंबर 1971 रोजी तिथे उतरलेली 2 पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. त्यामुळे आम्हा मराठी बोलणाऱ्यांची मान जरा जास्तच ताठ असे.

पहिले काही आठवडे विमान लांबूनच दिसे. तोवर नुसते पडायला शिकायचे. दोन्ही पाय आणि गुडघे जुळवायचे, हनुवटी छातीला लावायची आणि जमीन लागताच पोटरी, मांडी, कंबर, पाठ अशा क्रमाने लोळण घ्यायची. मग उंच मनोऱ्यावरून दोरीच्या आधाराने उड्या. त्यानंतर विमानातून पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची. पाचही पार पडल्या की दंडावर पंखांचे चिन्ह मिळे.

त्या वेळी डाकोटा आणि पॅकेट ही विमाने होती. आत इतका आवाज असे की शेजाऱ्याची दुआ ओठांवरूनच ओळखायची. छत्रीला जोडलेल्या मजबूत पट्टीचा हूक विमानातल्या तारेला अडकवायचा. लाल दिवा लागला की दारात उभे राहायचे, हिरवा लागला की बाहेर. ती पट्टीच ताणली जाऊन छत्री बाहेर खेचते. आपण चार सेकंद मोजायचे आणि वर पाहायचे. वर गोल छत्री फुगलेली दिसली की विमानाचा आवाज दूर जाई आणि अशी शांतता पसरे की खालच्या शेतातले कुत्रे भुंकलेले ऐकू येई. बाराशे फुटांवरून जेमतेम मिनिटभराचा तो प्रवास. ती गोल छत्री वळवणे फारसे हाती नसे, वारा नेईल तिकडे जायचे. कोणाचा घोटा मुरगळे, तर कोणी बाभळीत अडके. भीती पहिल्या उडीला वाटली तशी पुढेही प्रत्येक वेळी वाटली. फरक एवढाच, की ती दारात यायची त्याऐवजी आदल्या रात्री अंथरुणावर यायला लागली.

आमच्यातल्या एकाची चौथी उडी आम्ही कोणीच विसरलो नाही. मुख्य छत्री उघडली, पण एक दोरी तिच्या माथ्यावरून गेली आणि छत्री दोन फुग्यांसारखी विभागली गेली. अशी छत्री माणसाला पेलत नाही. तो आमच्यापेक्षा किती तरी वेगाने खाली जात होता. आम्ही हवेतच होतो, ओरडण्यापलीकडे काही करता येत नव्हते. त्याने छातीवरच्या राखीव छत्रीची मूठ खेचली. ती फुगली तेव्हा जमीन फार लांब नव्हती. तो उतरला, उठून बसला आणि बराच वेळ नुसती मातीच चाचपत राहिला.

चूक कोणाची, याची चौकशी झाली. शरीराचा तोल बिघडला तर नीट बांधलेली छत्रीही अशी उघडू शकते, असे आम्हाला सांगण्यात आले. आमच्या मित्राला मात्र दुसरीच गोष्ट जाणून घ्यायची होती. प्रत्येक छत्रीबरोबर ती बांधणाऱ्याच्या सहीची नोंद असे. राखीव छत्रीवरची सही कोणाची, हे विचारत तो आम्हाला घेऊन पॅकिंगच्या शेडमध्ये गेला.

आत लांबच लांब टेबले होती. त्यांवर नायलॉनचे कापड पसरून एकेक पाकळी सरळ करायची, प्रत्येक दोरी मोकळी आहे ना ते पाहायचे आणि मग घड्या घालायच्या, असे काम चालले होते. आमचा माणूस सापडला. कानपूरकडचे उतारवयाचे गृहस्थ, डोळ्यांवर जाड चष्मा. मित्राने त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्याला बोलताच येईना. चाचांनी आधी नोंदवहीत पाहून तारीख शोधली, मग म्हणाले, “राखीव छत्री बांधतो, मुदत संपली की न वापरलेलीच परत येते. ती सोडायची आणि पुन्हा बांधायची. इतक्या वर्षांत माझी छत्री उघडली, असे सांगायला आलेला तू पहिला. न उघडल्यावर मात्र लगेच नाव शोधतात.”

अमानत या शब्दाचा अर्थ आम्ही लहानपणापासून ऐकला होता. तो उमगला त्या टेबलापाशी. ज्याला पाहिले नाही, ज्याचे नाव माहीत नाही, अशाचा जीव आपल्या हातात आहे हे जाणून रोज तीच घडी तितक्याच काळजीने घालणे. औषध मोजून देणारा, विजेची तार जोडणारा, पूल बांधणारा, हे सगळेच छत्री बांधणारे आहेत.

आता काळ बदलला आहे. आज हौसेने उड्या मारणाऱ्यांची छत्री चौकोनी पंखासारखी असते. ती हवी तिकडे वळवता येते आणि अलगद उतरवते. अमुक उंचीपर्यंत मुख्य छत्री उघडली नाही तर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्र असते. प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून नवख्यालाही उडी घेता येते.

पुण्यात शिकणाऱ्या आमच्या नातीला अशीच उडी हरियाणातल्या नारनौलला जाऊन मारायची आहे. घरात दोन तट पडले. तिच्या अम्मीला भीती वाटते, आणि काही नातेवाईक म्हणतात, मुलींचे हे काम नव्हे. त्यांना आम्ही एवढेच सांगितले, की हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंद यांनी 1959 मध्येच आग्र्याला उडी घेतली होती. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी तर 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली.

नातीने विचारले, “नाना, मग मी जाऊ ना?” आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तिला चार प्रश्न लिहून दिले. राखीव छत्री कोणी बांधली आणि कधी? तिची मुदत केव्हा संपते? प्रशिक्षकाकडे कोणता परवाना आहे आणि त्याने अशा किती उड्या घेतल्या आहेत? वारा वाढला तर उडी रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे? या प्रश्नांना कोणी हसून “काळजी करू नका” म्हणाले, तर तिथून परत यायचे, पैसे बुडाले तरी चालतील. नीट उत्तर मिळाले, तर घाबरत का होईना, जायला हरकत नाही.

प्रश्नांचा कागद तिच्या अम्मीने वाचला. ती अजून राजी नाही. पण काल तिने त्यावर स्वतःच्या हाताने पाचवा प्रश्न लिहिला आहे: “बांधणाऱ्याचे नाव काय? दुआ कोणासाठी मागू?”