धूर

निवासी शाळेत घसा दुखणे हा आजार मानलाच जात नाही. तीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही किती मुलांना मिठाच्या गुळण्या करावयास सांगून वर्गात परत पाठविले, याची गणती नाही. त्यांपैकीच सातवीतील एक विद्यार्थिनी. पंधरवड्याने तिला ताप आला, गुडघे सुजले, मग घोटे. वाढीच्या वयाचे दुखणे म्हणून आम्हीच तिच्या आईची समजूत घातली. आई चिखलीकडे शेतमजुरी करीत असे. तिने विश्वास ठेवला.

पुढे बी.एड. करीत असताना ही मुलगी १४ एप्रिलच्या कार्यक्रमास शाळेत आली आणि जिना चढताना मध्येच धापा टाकीत खाली बसली. छत्रपती संभाजीनगरला तिच्यासोबत आम्ही गेलो. इको तपासणीत हृदयाच्या डाव्या बाजूची झडप अरुंद झालेली आढळली. घशातील जंतूंविरुद्ध शरीराने उभारलेली फौज कधी कधी सांध्यांवर आणि झडपांवरच चालून जाते. हे बहुधा पाच ते पंधरा या वयात घडते. म्हणजे आमच्या पटावरच्याच वयात.

डॉक्टरांनी दुसरी इको अन्ननलिकेतून केली. अरुंद झडपेमागे रक्त तुंबते, कप्पा फुगतो आणि त्याच्या कोपऱ्यातील लहानशा पिशवीत गुठळी धरू शकते. छातीवरून ती पिशवी नीट दिसत नाही. अन्ननलिका मात्र त्या कप्प्याला अगदी पाठीमागून लागून असते. पडद्याकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, "हा धूर पाहा, सर." रक्त इतके मंदावले होते की ते धुरासारखे घोटाळताना दिसत होते. पिशवीत गुठळी होती. फुगा घालून झडप रुंद करण्याचे लांबणीवर पडले, कारण नळी सरकवताना गुठळी सुटून मेंदूत गेली असती तर पक्षाघात ठरलेला.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, त्यामुळे या यंत्राचा शोध घेतल्यावाचून राहवले नाही. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर हे डॉक्टर आणि हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातूतील भेगा शोधणारे यंत्र उसने आणले व ते हृदयावर लावून पाहिले. कामगारांचे अवजार होते ते!

त्यानंतर कित्येक महिने रक्त पातळ करणारी गोळी. आयएनआर दोन ते तीनच्या दरम्यान राहावा म्हणून वारंवार रक्ततपासणी. मेथी-पालक एक दिवस भरपूर आणि आठवडाभर नाही, असे चालत नाही. रोजचे प्रमाण सारखे हवे. पुन्हा अन्ननलिकेतून पाहिले तेव्हा पिशवी स्वच्छ होती. मग फुग्याची प्रक्रिया झाली. आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन. सातवीतच ते सुरू झाले असते तर झडप बहुधा इतकी आवळली नसती.

गेल्या पावसाळ्यात पाचवीतील एक मुलगा घसा धरून आला. गुळण्या न सांगता आम्ही त्याला दुचाकीवर बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले.

तिची आई भेटली की हात जोडून म्हणते, "गुरुजी, तुमच्यामुळंच वाचली माही लेक." सातवीतल्या त्या गुळण्यांचे आम्ही तिला अजून सांगितलेले नाही. ती ही स्मरणिका कुणाकडून तरी वाचून घेईल.