मीटरचा उजेड कमी करायचं बटण कुठे आहे?

आज खड्ड्यांवर लिहीत नाही आणि तळेगाव चौकातल्या कोंडीवरही नाही. त्यावर आपण रोज बोलतो, रोज भांडतो. आज जरा लहान दिसणारा विषय घेतोय. मनगटावरच्या घड्याळाचा, खिशातल्या मोबाईलचा आणि गाडीच्या मीटरचा उजेड. तो कमी-जास्त करायचा ताबा कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न.

किरकोळ वाटला ना? मग सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या आतल्या रस्त्यांनी दुचाकीवर घरी जाणाऱ्या पोरांना विचारा. कंपनीच्या गेटवर लख्ख उजेड. पुढे एक वळण घेतलं की मिट्ट काळोख. कडेला टेललाईट नसलेला ट्रेलर उभा. आणि हँडलवर, नजरेच्या बरोबर खाली, छोट्या टीव्हीसारखा झगझगणारा मीटर. डोळ्यांनी रस्ता बघायचा की मीटर सहन करायचा?

डोळ्याचं गणित साधं आहे. अंधाराची पूर्ण सवय व्हायला त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. ही सवय मोडायला काही सेकंदांचा झगझगाट पुरतो. मे महिन्यात भर दुपारी उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात तो जेमतेम पाव लक्स भरतो. म्हणजे दुपारी वाचता यावा म्हणून जो मीटर उजळ केला, तो रात्री कित्येक पटींनी मंद व्हायला हवा. ‘थोडासा कमी’ करून भागत नाही.

ही अडचण काही आजची नाही. पहिलं इलेक्ट्रॉनिक डिजिटल मनगटी घड्याळ अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीने १९७२ मध्ये विकायला काढलं. अठरा कॅरेट सोन्याची केस, किंमत २१०० डॉलर. आणि नाव काय? पल्सर! आपल्या आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात हे नाव २००१ पासून बाईकमुळे घरोघरी गेलं. त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी ते घड्याळाचं होतं. त्यात लाल एलईडीचे आकडे होते. एलईडी बॅटरी खायचे, म्हणून आकडे कायम पेटलेले नसायचे. बटण दाबलं की वेळ दिसायची, मग पुन्हा काळं. आणि त्यात आजूबाजूचा उजेड ओळखणारा सेन्सरही होता. उन्हात आकडे ठळक, अंधारात मंद. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी!

मग एलसीडी आली. तिला स्वतःचा उजेड नाही, बाहेरच्या उजेडात वाचायची. म्हणून अंधारासाठी घड्याळात छोटा दिवा आला. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू वापरलंय. ते १९८९ चं. डावीकडचं वरचं बटण दाबा, हिरवट उजेड. बोट उचला, उजेड गेला. एका सेलवर सुमारे सात वर्षं चालायचं. १९९२ मध्ये टायमेक्सने इंडिग्लो आणलं, त्यात सगळी तबकडी एकसारखी निळसर-हिरवी उजळायची. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १९९३ ला, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये स्फोट झाला आणि जिन्यात अंधार पसरला. तेव्हा एका माणसाने मनगटावरच्या इंडिग्लोच्या उजेडात लोकांना खाली उतरवलं, ही बातमी तेव्हा गाजली होती.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे रेडियम. आपल्याकडे आजही चमकणाऱ्या कुठल्याही पट्टीला ‘रेडियम’च म्हणतात. चाकणला नंबरप्लेटवाल्याच्या दुकानावर बोर्ड असतो, ‘येथे रेडियमचे काम करून मिळेल’. त्या स्टिकरमध्ये रेडियम नसतं. पण घड्याळाच्या काट्यांवर एकेकाळी खरोखर असायचं. अमेरिकेत ते रंगवणाऱ्या कामगार मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. कित्येकींच्या जबड्याची हाडं झिजली, काहींचा जीव गेला. त्यांनी कोर्टात लढा दिला आणि १९२८ मध्ये न्यू जर्सीत भरपाईची तडजोड झाली. अंधारात वेळ दिसावी म्हणून कामगारांनी केवढी किंमत मोजली ते बघा. डिस्प्लेचा उजेड हा विषय तेव्हाही फक्त फॅशनचा नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. त्या जुन्या घड्याळांत एक शहाणपण होतं. उजेड ज्याच्या डोळ्यावर पडणार, बटण त्याच्याच बोटाखाली. गेल्या काही वर्षांत ते बटण आपल्या बोटाखालून सरकलंय. स्मार्टवॉच हात उचलला की पेटतं. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात नाटकाला जा. टाळ्या वाजल्या की अंधारात दहा-वीस मनगटं उजळतात. घड्याळाला वाटतं, साहेबांना वेळ बघायचीय. ते बंद करायची सोय घड्याळात असते, पण चार पडदे सरकवल्यावर सापडते.

नाटकात त्रास शेजाऱ्याला होतो. रस्त्यावर जीव जातो.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने हप्त्यावर नवीन दुचाकी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. मीटर देखणा, मोबाईलला जोडलेला, फोन कोणाचा आला तेही सांगणारा. दोन आठवड्यांनी पोरगा म्हणाला, “मामा, रात्री मीटर डोळ्यात घुसतो, मी त्यावर रुमाल टाकून चालवतो.” मी त्याच्याबरोबर शोरूमला गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, “सर, सेटिंगमध्ये आहे. गाडी उभी करायची, बटण दाबून धरायचं, मेन्यूत जायचं, तिथं ब्राइटनेस.” आम्ही केलं. तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात खालची पायरीसुद्धा काळोखात जास्तच होती. “याच्या खाली होत नाही का?” विचारलं, तर उत्तर आलं, “आजवर कोणी विचारलं नाही, सर.”

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. आपण मायलेज विचारतो, पिकअप विचारतो, हप्ता विचारतो. उजेड विचारत नाही.

यामागे आणखी एक कारण आहे, ते समजून घ्या. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा गाडी सुरू झाली की आपोआप लागतो. नियम चांगला आहे, दिवसासुद्धा दुचाकी समोरच्याला दिसावी म्हणून तो आलाय. पण त्याबरोबर बहुतेक गाड्यांवरचं हेडलाईटचं चालू-बंद बटण गेलं. कारमध्ये साधारण काय होतं? लाईट लावले की डॅशबोर्ड मंद होतो. लाईट लावले म्हणजे अंधार पडला, असा सरळ हिशोब. दुचाकीचा दिवा चोवीस तास चालू, त्यामुळे मीटरला हा निरोप मिळत नाही. दिवस आहे की रात्र हे त्याला सेन्सरने कळेल, आतल्या घड्याळाने कळेल, नाहीतर चालवणाऱ्याने सांगितलं तर. कित्येक मॉडेलमध्ये सेन्सर किंवा दिवस-रात्र मोड असतो, हेही खरं. ज्यांत नाही किंवा नीट चालत नाही, त्यांचं काय?

तंत्र अवघड आहे का? अजिबात नाही. एलईडी मंद करायचा म्हणजे तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा. चालू राहण्याचा वेळ कमी ठेवला की डोळ्याला तो मंद दिसतो. उजेड ओळखणारा सेन्सर काही रुपयांत मिळतो. स्वीडनच्या साब कंपनीने तर १९९० च्या दशकातच कारला एक बटण दिलं होतं. ते दाबलं की रात्री फक्त स्पीडोमीटर उजळलेला राहायचा, बाकी सगळं काळं. ही कंपनी मूळची विमानं बनवणारी. अंधारात बाहेर बघणाऱ्या माणसाला आत किती उजेड हवा, हे तिला ठाऊक होतं.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या चाकणमध्येच २०२२ पासून मर्सिडीजची इक्यूएस ही विजेवरची कार जोडली जाते. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत ५६ इंची डिस्प्ले आहे आणि तो आजूबाजूचा उजेड बघून स्वतःचा उजेड जुळवून घेतो. आली तेव्हा किंमत दीड कोटीच्या वर होती. महिंद्राची एक्सईव्ही ९ई इथलीच, तिच्यात एका ओळीत तीन डिस्प्ले. म्हणजे ज्ञान आपल्या एमआयडीसीत आहे. पण त्याच एमआयडीसीतून रात्री बारा वाजता घरी निघालेला कंत्राटी कामगार मीटरवर रुमाल टाकून गाडी चालवतो. मला हे सलतं.

आकडा सांगतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची. ती सगळी मीटरच्या उजेडाने गेली असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण वीस वर्षं अपघातांच्या बातम्या करताना जे पंचनामे पाहिले, त्यांत रस्ता असतो, वेग असतो, हेल्मेट असतं, दारू असते. चालवणाऱ्याच्या डोळ्यापुढे तेव्हा किती उजेड होता, हे कुठेच नसतं. जे लिहिलंच जात नाही, त्याच्यावर उपाय कोण करणार?

घरी पोचल्यावर तरी सुटका आहे का? नाणेकरवाडीत, कुरुळीत कॉट बेसिसवर राहणारी पोरं बघा. एका खोलीत चार-पाच जण, प्रत्येकाची शिफ्ट वेगळी. एकाची झोप, दुसऱ्याचा मोबाईल. झोपेत कूस बदलली की तिसऱ्याचं स्मार्टवॉच पेटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलंय, २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. शिफ्ट बदलणं पोरांच्या हातात नाही. निदान खोलीतला अंधार तरी त्यांच्या हातात असू दे.

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत. प्रत्येक दुचाकीच्या हँडलवर मीटर मंद करायचं खरंखुरं बटण असावं, ग्लोव्हज घालून, न बघता दाबता येईल असं. सगळ्यात खालची पायरी काळोखात खरोखर मंद असावी. आणि गाडीला मंजुरी देताना ही तपासणी रात्रीच्या अंधारातही व्हावी. एआरएआय पुण्यातच आहे, तिचं केंद्र चाकणला आहे. सीआयआरटी भोसरीत आहे. वाहनं तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी दोन आपल्या दारात आहेत. खासदार-आमदारांनी निवेदनं स्वीकारताना हाही कागद घ्यावा. मी तो तयार करतोय.

तोवर आपल्या हातात आहे ते करूया. आज रात्री गाडी काढण्याआधी, उभ्या गाडीवर, मीटरची सेटिंग बघा. काळी पार्श्वभूमी असेल तर ती ठेवा. स्मार्टवॉचमध्ये ‘हात उचलल्यावर पेटणे’ बंद करा, निदान झोपताना आणि नाटकात. हँडलवर मोबाईल लावून नकाशा बघणाऱ्या डिलिव्हरीवाल्या भावांनो, ॲपमधला नाईट मोड चालू करा. आणि नवीन गाडी घेणार असाल, तर टेस्ट राईड एकदा रात्री मागा. शोरूमवाला हसेल, हसू दे. “मीटर कमी करायचं बटण कुठे आहे?” हे त्याला दिवसातून पाच जणांनी विचारलं, की महिन्याभरात प्रश्न वरपर्यंत पोचतो. कंपन्या आपल्या पंचक्रोशीत आहेत, गिऱ्हाईकही आपणच आणि त्या गाड्या बनवणारे हातही आपलेच.

तुमच्या गाडीचा मीटर रात्री किती मंद होतो, ते बटणाने की मेन्यूतून, मॉडेलसकट खाली लिहा. निवेदनाला जोडतो.