जाऊन-येऊन

शब्दांवरच ज्याचे पोट चालते, त्याला नवा शब्द भेटला की आधी त्याचे कूळ विचारावेसे वाटते. ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द जपानमधल्या यास्कावा कंपनीतील तेत्सुरो मोरी या अभियंत्याने १९६९ साली घडवला. ‘मेकॅनिझम’चे डोके अन् ‘इलेक्ट्रॉनिक्स’चे शेपूट! याला समास म्हणायला आमचे वैयाकरण धजणार नाहीत. पण संसार मात्र उत्तम चालला आहे.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी प्रादेशिक भाषांतून शिकवायला मुभा दिली. पुढे शेजारच्या महाविद्यालयातील प्रयोगांच्या सूचना मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागलो.

तिथे प्रत्येक टेबलावर एक किट असते. खेळायच्या पत्त्याहून जरा लहान अशी आर्डुइनोची पाटी, रंगीत तारा, चिमुकली मोटर आणि दोन डोळ्यांचा एक सेन्सर. हे डोळे दिसायलाच डोळे. खरे तर एक तोंड आहे नि दुसरा कान! तोंड आपल्याला ऐकू न येणारी शीळ घालते, कान तिचा प्रतिध्वनी टिपतो. मधला वेळ मोजून त्याला सेकंदाला सुमारे ३४० मीटर या ध्वनीच्या वेगाने गुणायचे, की अंतराचा हिशोब सुरू झाला.

एका मुलीचे यंत्र भिंत ४० सेंटिमीटरवर आहे म्हणत होते. फूटपट्टी म्हणत होती २०. तिने तारा काढल्या, पुन्हा खोचल्या. तिचे सर हाताची घडी घालून गप्प उभे. अखेर तिने फूटपट्टीवरून बोट भिंतीपर्यंत नेले, परत आणले आणि ओरडली, “सर, जाऊन-येऊन!”

आवाजाने जाण्यायेण्याची दुहेरी वाट चालली होती. दोनने भागायचे राहिले होते. गंमत अशी, की हेच सूत्र तिने चाचणीत बिनचूक लिहिले होते.

आमच्या वर्गात गाइडातले रसग्रहण उतरवणाऱ्याला कविता कळली की नाही, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. कविता बिचारी भिडस्त; ती ‘चूक’ म्हणत नाही. यंत्राला भीड ठाऊक नाही. ते रागावत नाही, हसत नाही. चुकीचा आकडा तेवढा दाखवत राहते.

आणि उत्तर सुचले ते कोणत्या भाषेत? एस.टी.चे भाडे मोजतो त्या! ‘एकूण प्रवासकाल’ या भारदस्त शब्दाशेजारी मी सूचनांत ‘जाऊन-येऊन’ लिहिले आहे. पंडितांनी खुशाल नाक मुरडावे. मात्र आधी हातात फूटपट्टी घ्यावी.