मतलई आणि खारा वारा

मालवणच्या धक्क्यावर शिडाची होडी मागितली की समोरचा माणूस आधी तुम्हाला नीट बघून घेतो. जेट स्की आहे, बनाना राइड आहे, पॅरासेलिंग आहे, डॉल्फिन दाखवायला दोन इंजिनांची बोट आहे. मग शीड कशाला? आम्ही ज्यांच्या होडीतून गेलो त्या तांडेलकाकांनीही पहिल्यांदा हेच विचारलं. "इंजिन आसा मां! शिडान कित्याक?" मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात भाचीने त्यांच्या होडीत बांधून ठेवलेल्या परबाणाच्या, म्हणजे शीड ज्याला बांधतात त्या बांबूकडे बोट दाखवून विचारलं, शीड अजून आहे का? काका एकदम खुलले. शीड होतं. घराच्या माळ्यावर होतं, उंदरांनी एका कडेला कुरतडलेलं, पण होतं.

भाची मुंबईला एका क्लबमध्ये शिडाची छोटी बोट चालवायला शिकली आहे. मी पुण्यात जलतरण तलावात पोहणारी, आणि पन्नाशी ओलांडल्यापासून समुद्रात पोहण्याचं वेड लागलेली. काकांचं वय सत्तरीपुढचं. डिसेंबरातली अमावास्या नुकती सरली होती आणि आम्हा तिघांना मिळून मालवणहून दक्षिणेला भोगव्यापर्यंत जाऊन यायचं होतं. गाडीने तासा-दीड तासाची वाट. आम्ही शनिवारी निघून सोमवारी सकाळी परतायचं ठरवलं.

काकांची होडी लहान. एका बाजूला उलांडी, म्हणजे दोन आडव्या वाशांना बांधलेला तरता ओंडका, त्यामुळे होडी सहसा कलंडत नाही. इंजिन मागे उचलून ठेवलेलं. ते फक्त अडचणीला, असा करार. लाइफ जॅकेट तिघांच्याही अंगात. काकांना ते जॅकेट मुळीच आवडलं नाही. भाचीने घालायलाच लावलं.

सकाळी दहाला आम्ही सामान घेऊन हजर. काका निवांत जाळं विणत बसलेले. "ताईनू, दुपारपर्यंत कळ काढा. खारो सुटलो की बघा." या किनाऱ्यावरचं शिडाचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंत इथे दिवसाला दोन वारे असतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, गार हवा जड होऊन सह्याद्रीकडून समुद्राकडे उतरते, ती मतलई. मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि ऊन चढलं की मरते. मग दोनेक तास वारा जवळजवळ नसतोच. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा खारा वारा येतो आणि सूर्यास्ताबरोबर बसतो. इंजिनं येण्याआधी इथले मच्छीमार मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्यावर घरी यायचे. डिझेलचा खर्च शून्य.

खारा वारा सव्वाबाराला आला. पाण्याचा रंग आधी दूरवर गडद झाला, मग ती गडद रेघ आमच्याकडे सरकत आली. शीड फुगलं आणि होडीने एक हिसका दिला. डाव्या हाताला सिंधुदुर्ग मागे पडत होता. किल्ल्याला जाणाऱ्या बोटीतून मी याआधीही गेले आहे, पण इंजिनाच्या बोटीत आपण तटाकडे बघतो. शिडात बसलं की खडकांकडे बघावं लागतं. किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाभोवती पाण्याखाली आणि पाण्याबरोबर खडकांची दाटी आहे, आणि नेमकी वाट माहीत नसेल तर मोठं जहाज तटाजवळ येऊच शकत नाही. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये इथे किल्ल्याचा पाया घातला तो हे हेरूनच. काकांना यातला प्रत्येक खडक नावाने ठाऊक आहे. कुठल्या खडकावर लाट फुटते आणि कुठला नुसता पाणी गढूळ करतो, हेही.

वारा पाठीमागून तिरका, म्हणजे होडीला सर्वांत सोपा. "गे चेडवा, दामण सैल सोड," असं काका अधूनमधून म्हणायचे आणि भाची शिडाच्या टोकाची दोरी सोडायची. तिचं शास्त्र इंग्रजी पुस्तकातलं, काकांचं तळव्यातलं. पहिला अर्धा तास दोघं एकमेकांना थोडे वचकून होते. तारकर्लीसमोर वारा वाढला, उलांडी पाण्यातून उचलायला लागली, तेव्हा भाची न सांगता वाशावर सरकून बसली. त्यानंतर काकांनी सुकाणू तिच्या हातात दिलं आणि विडी पेटवली.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी यांच्यामधली रेतीची लांब जीभ. तिच्या टोकाला संगम. तिथल्या वाळूच्या उंचवट्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. त्याच्याभोवती मोटरबोटींची नुसती जत्रा. पाणी सुंदर निळं-हिरवं, आणि मला तिथेच उडी मारायची होती. काकांनी मान हलवली. "हय पाण्यात उतराचा नाय." ओहोटी लागली होती. खाडीत भरलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्रात जायला निघालेलं असतं, त्याला समोरून लाटा भिडतात, आणि तळाची वाळू रोज जागा बदलते. तलावात कितीही किलोमीटर पोहणारा माणूस त्या ओढीपुढे काही नाही. कोकणात दरवर्षी माणसं बुडाल्याच्या बातम्या वाचतो, त्यांत नदीची मुखं वारंवार येतात.

पोहले ते भोगव्याला, मुखापासून बरंच दक्षिणेला, किनाऱ्याला समांतर. समुद्रात पोहणं आणि तलावात पोहणं यांत हात-पाय तेवढे सारखे. तळाला काळी रेघ नसते, भिंत नसते, आणि चारपाच हात मारल्यावर डोकं वर काढून बघितलं नाही तर आपण भलतीकडेच निघालेले असतो. मी टेकडीवरच्या एका माडावर नजर ठेवली होती. खारट पाणी अंगाला वर उचलून धरतं, त्यामुळे पाय बुडत नाहीत. ज्यांना तलावात पाय जड वाटतात त्यांना समुद्र सोपा जातो. लाट मात्र नेमकी श्वास घ्यायच्या बाजूने येते. मग दुसऱ्या बाजूने श्वास घ्यायला शिकावंच लागतं. डोक्यावर भडक केशरी टोपी, कमरेला दोरीने बांधलेली हवेची पिशवी, आणि थोड्या अंतरावर वल्ही मारत काका. पाण्यातून बाहेर येताना पाय उचलून न टाकता वाळूत घासत यायचं, कारण उथळ पाण्यात पाकट मासा वाळूखाली दडून बसतो आणि त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. जेलीफिश भाजलंच तर गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. माझ्या मनगटाला एक पुसट चाटून गेलं. संध्याकाळपर्यंत चुरचुरलं, बस.

रात्री एका घरगुती निवासात उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. मुलाहिजा न ठेवता जेवलो.

दुसरा दिवस वल्ह्यांचा. डोलकाठी उतरवून किनाऱ्यावर ठेवली. भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट. द्वितीया म्हणजे दीड. मुंबईच्या हिशेबाने दीड वाजता पूर्ण भरती. दक्षिणेकडे ती थोडी आधी येते, म्हणून आम्ही साडेबारा धरले. आठ वाजता मुखातून आत शिरलो तेव्हा भरतीचं पाणी आमच्याबरोबरच आत निघालं होतं. वल्हं मारायचं तंत्र काकांनी फार थोडक्यात शिकवलं: दंडांनी ओढायचं नाही, पाठीने ओढायचं, आणि पाणी खोल खणायचं नाही. मला ते कळायला खाडीचं पहिलं वळण जावं लागलं. भाचीच्या तळव्यांना तोपर्यंत फोड आले होते.

दोन्ही काठांना कांदळवन, चिखलातून वर आलेली त्याची श्वासमुळं, खंड्यांच्या निळ्या झेपा. काठाकाठाने बायका गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या काढत होत्या. एकीने हाक मारली, "इंजिन बिघडला काय?" काकांनी नाही म्हटल्यावर तिला ते पटलं नाही. पुढे वाळू काढणाऱ्या होड्या दिसल्या, काठापर्यंत भरलेल्या. खाडीचा तळ असा उपसला की काठ ढासळतात, हे काका सहज बोलून गेले आणि पुढे दहा मिनिटं काही बोलले नाहीत. वालावलच्या बाजूला भरती उभी राहिली. पाणी आत जायचं थांबलेलं आणि बाहेर निघालेलं नाही, अशी थोडा वेळ टिकणारी स्थिती. तेवढ्यात मी पोहून घेतलं. पाणी निमखारं, कोमट, आणि समुद्रापेक्षा जड वाटणारं, कारण इथे ते तितकं उचलत नाही. मग डबा खाल्ला आणि ओहोटीने आम्हाला परत आणलं. येताना वल्ही मुख्यत्वे दिशा राखायला.

परतीला खाऱ्या वाऱ्याचा उपयोग नव्हता; तो वायव्येचा, आम्हाला जायचं उत्तरेला. म्हणून पहाटे साडेचारला मतलईवर निघालो. जमिनीवरून येणारा वारा उजव्या बाजूने आडवा मिळतो आणि लाट जवळजवळ नसते, त्यामुळे होडी उत्तरेकडे सरळ पळते. काळोख होता. वल्हं पाण्यात बुडवलं की निळ्या ठिणग्या उडत होत्या. हिवाळ्यात या किनाऱ्यावर नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव वाढतात, ढवळलं की चमकतात. भाचीने लगेच हात पाण्यात घातला. काका म्हणाले, फार झाली ती चमक की मासळी लांब जाते. संगमासमोर ओहोटीचं पाणी जोराने बाहेर येत होतं, म्हणून त्यांनी होडी बरीच बाहेरून घेतली. तारकर्लीला उजाडलं. मालवणच्या धक्क्याला लागलो तेव्हा पहिली इंजिनं सुरू होत होती. टाकीतलं पेट्रोल जसं नेलं तसं परत आणलं.

मोटरबोटीवाल्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यातली बरीचशी मच्छीमारांचीच पोरं आहेत आणि मासळी कमी झाल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं होतं? पण मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, त्यात प्रवाळ आहे, आणि त्यावर दिवसभर इंजिनं आणि नांगर फिरवण्यापेक्षा शीड आणि वल्ही हा व्यवसाय म्हणूनही शहाणपणाचा मार्ग ठरेल, असं मला वाटतं. तो कोणी करत नाही, कारण गिऱ्हाईक मागत नाही. आणि मागायचं झालं तर शीड हाकणारे तांडेल उरले किती? काकांच्या दोन्ही मुलांना शीड बांधता येत नाही.

तेव्हा यंदा हिवाळ्यात मालवणला गेलात तर धक्क्यावर शिडाची होडी मागा. नाही म्हणतील, पुन्हा मागा. निदान खाडीत वल्ह्यांनी न्या म्हणा आणि इंजिनाच्या फेरीइतकेच पैसे द्या. जॅकेट घाला, तिथी बघून वेळ ठरवा, आणि तांडेल जिथे उतरू नका म्हणेल तिथे उतरू नका.