“सरळ बैस!”

जून महिन्यांत शाळा उघडली कीं, आम्हांस एक मुलगा आठवल्यावांचून राहत नाहीं. तेव्हां आम्ही अध्यापक विद्यालयांत शिकत होतों आणि दुसरीच्या वर्गावर आमचा सराव-पाठ होता. विषय बेरजेचा. टाचण सुवाच्य, फळा स्वच्छ, मागील बाकावर निरीक्षक बसलेले. हा मुलगा मात्र क्षणभर स्वस्थ बसेना. कधीं पाय हालवी, कधीं अर्धवट उठे. “सरळ बैस!” असें आम्हीं त्यास तीन वेळां बजावलें आणि चौथ्या वेळीं भिंतीकडे तोंड करून उभें केलें. वर्ग शांत झाला. निरीक्षकांनीं शिस्तीबद्दल चांगले गुण दिले. घंटा झाल्यावर तो मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, मला सात आणि पांचांची बेरीज येत होती. तुम्हीं विचारलीच नाहीं.”

ह्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

शारीरिक शिक्षणाचा विचार आपल्या देशास नवा नाहीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें. मद्रासेस हॅरी क्रो बक ह्यांनीं वाय. एम. सी. ए.चें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय १९२० सालीं काढलें. परंतु व्यायाम मैदानावर आणि अभ्यास बाकावर, अशी वांटणी आमच्या मनांत पक्की होती. ५ ते १७ वर्षांच्या मुलांच्या शरीरास रोज सरासरी ६० मिनिटें तरी चांगली हालचाल हवी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. आठवड्यांतील एक-दोन खेळांच्या तासांनीं ही गरज कशी भागणार?

पुढें छात्राध्यापकांस शिकविण्याचें काम आमच्याकडे आलें. ह्या विषयावर आम्ही आरंभीं व्याख्यान देत नाहीं. सर्वांस हाताची घडी घालून निश्चळ बसवितों. थोड्याच वेळांत चुळबुळ सुरू होते, आणि हंसूंही येतें. मग जमिनीवर खडूनें रेघ ओढून शून्यापासून वीसपर्यंत आंकडे मांडतों. सातावर उभें राहून पांच पावलें पुढें जावयाचें. पाय बारावर पडतो. शुद्धलेखनाच्या तासाला ‘दिन’ ऐकतांच बसावयाचें आणि ‘दीन’ ऐकतांच उभें राहावयाचें. भूगोलांत पूर्वेकडे तोंड केलें कीं, उजवा हात दक्षिण दाखवितो.

हें सारें करतांना तरुण शिक्षकांच्या मनांत एकच भीति असते. मागें एका विद्यार्थिनीनें ती स्पष्ट बोलून दाखविली: “मुलें एकदां उठलीं आणि पुन्हां बसलींच नाहींत, तर?” ही भीति खोटी नव्हे. म्हणून मुलांस उठविण्यापूर्वीं थांबण्याची खूण शिकवावी, असें आम्ही सांगतों. शिक्षकाचा हात वर जातांच सर्वांनीं जागच्या जागीं थांबावें. ह्याचाच सराव आधीं करावा. दप्तरें बाकांखालीं असावींत, सूचना थोडक्यांत द्यावी, आणि तीन-चार मिनिटांत मुलांस पुन्हां पाटीवहीकडे आणावें. कोणासही बाद करूं नये. ज्यास चालतां येत नाहीं त्यानें तेंच उत्तर हातांनीं दाखवावें. ह्या गोष्टी ऐकून येत नाहींत; छात्राध्यापकांनीं त्या एकमेकांवर करून पाहिल्या, चुकल्या आणि पुन्हां केल्या, म्हणजेच अंगीं बाणतात.

पालकांस आमची एक विनंति आहे. “आज गणिताच्या तासाला आम्ही चाललों,” असें मूल सांगूं लागलें तर अभ्यास बुडाला असें समजूं नये. चालून कोणतें उत्तर आलें, तें विचारावें. आणि विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकांचा हात वर होतांच थांबण्याचें तुम्हीं पाळलें, तर तुम्हांस उठविण्याचें धैर्य त्यांस येईल.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. कोठें भेटलाच, तर प्रथम त्याची क्षमा मागावयाची आहे. आणि मग ती सात आणि पांचांची बेरीज त्यास विचारावयाची आहे.