टिंबाचा स्वभाव

भाची मँचेस्टरला शिकते. तिथल्या मैत्रिणींमुळे ती आता मलाही इंग्रजीतूनच मेसेज करते. शनिवारी फोन करते, चालेल ना, असं तिनं विचारलं. मी ‘ओके.’ असं उत्तर पाठवलं. पाच मिनिटांत तिचा फोन. ‘‘मामा, रागावलायस का?’’ मी चक्रावलो. दोन अक्षरांत राग मावणार कुठे? ‘‘अक्षरांत नाही रे, ते शेवटी टिंब दिलंयस ना!’’

तेव्हापासून मी या गृहस्थाकडे जरा निरखून बघायला लागलो. इंग्लंडात त्याला फुलस्टॉप म्हणतात, अमेरिकेत पिरियड. अंगकाठी म्हणाल तर नाहीच. स्वल्पविरामाला निदान शेपूट आहे, प्रश्नचिन्हाला कुबड. याला काहीच नाही. कचेरीतल्या जुन्या शिपायासारखा तो. सगळे गेले की दिवे मालवायचे, कुलूप लावायचं आणि निघायचं. त्याच्याकडे कुणी बघत नसे, पण तो नसला की सगळा घोळ.

घराणं मात्र मोठं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात अॅरिस्टोफेनिस नावाचा ग्रंथपाल होता. (नाटककार तो वेगळा.) तेव्हाचा ग्रीक मजकूर सलग, शब्दांत जागासुद्धा न सोडता लिहिलेला. मोठ्यानं वाचणाऱ्यानं दम कुठे घ्यावा, हे कळावं म्हणून या ग्रंथपालानं ओळीत तीन उंचींवर ठिपके दिले. पुरतं थांबायचं असेल तिथला ठिपका सगळ्यात वर असे. म्हणजे आज ओळीच्या तळाशी बसलेले हे महाशय मुळात माडीवर राहणारे!

पुढे तारेचे दिवस आले. तारेत ठिपका हरवला तर अर्थाचा अनर्थ व्हायचा, म्हणून इंग्रजी तारेत त्याच्या जागी ‘स्टॉप’ असा अख्खा शब्द लिहू लागले. एवढा मान त्याला ना आधी मिळाला होता, ना नंतर.

मग मोबाइल आला. ३ डिसेंबर १९९२ला इंग्लंडात पहिला एसएमएस गेला, ‘मेरी ख्रिसमस’ असा. एका संदेशात १६० अक्षरं मावायची, त्यामुळे जो तो काटकसरीला लागला. पण अक्षरं वाचवायची म्हणून या शिपायाची नोकरी गेली, असं मला वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हवं तेवढं लिहा, तरी तो परतला नाहीच. खरं कारण असं, की मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं. पुढचं वाक्य पुढच्या फुग्यात. ज्या खोलीला दारच नाही, तिथे कुलूप कुणी लावायचं?

आणि इथेच त्याचा स्वभाव पालटला. काम नसताना माणूस मुद्दाम येऊन उभा राहिला की ‘हा कशाला आला?’ असं वाटतंच. २०१५मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असलं, तर ते उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं, तेव्हा टिंबानं काही फरक पडला नाही. म्हणजे कागदावर हा अजूनही साधा शिपाई, पडद्यावर मात्र कपाळाला आठ्या घातलेला सासरा. इंग्रजी बिघडली म्हणून गळा काढणाऱ्यांना हे दिसत नाही. बोलताना जे काम भुवई करते, ते लिहिताना करायला भाषेला कुणीतरी हवंच होतं. हा रिकामा बसलेला सापडला.

आता तर तो नाटकीही झालाय. ‘बेस्ट. डे. एव्हर.’ असा प्रत्येक शब्दामागे टाळी दिल्यासारखा उभा राहतो. दुसरी नोकरी त्यानं इंटरनेटच्या पत्त्यांत धरली. तिथे त्याला डॉट म्हणतात. वाक्य संपवणारा हा तिथे नावं जोडतो, आणि तो राहिला तर पत्ताच लागत नाही.

मराठीला तो फार जुना नाही. आमच्या पोथ्यांत दंड होते, मोडी तर हात न उचलता धावायची. इंग्रजीतली विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मराठीत रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी. हिंदीनं आपला दंड सोडला नाही, आम्ही हे टिंब घरात घेतलं आणि नाव ठेवलं पूर्णविराम. नात्याला पूर्णविराम, वादाला पूर्णविराम. त्याचा कडक स्वभाव आम्ही बारशालाच ओळखला होता म्हणायचा.

भाचीला मी शब्द दिला, आता टिंब नाही. परवा तिनं परत विचारलं, रविवारी चालेल ना? मी जपून ‘ओके’ टाइप केलं. अंगठा सवयीनं स्पेसवर दोनदा पडला, आणि फोननं आपल्या मनानं टिंब देऊन टाकलं. मेसेज गेलासुद्धा.

पाच मिनिटांत फोन वाजला.